जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घरी दुरुस्त करायची तर रंगाचा डबा शेवटी उघडा

जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट दारात आली की बहुतेकांना आधी रंग सुचतो. कोणता निळा, पट्टा कुठे, नाव कोणत्या बाजूला. दोन-तीन सुट्ट्या घासकामात जातात, बोट झकास दिसायला लागते आणि पाण्यात उतरवल्यावर अर्ध्या तासात पाय भिजतात. मग तोच नवा रंग खरवडून गळणारे रिवेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या धातूच्या मेखा, शोधावे लागतात.

अशा बोटीत रंगाचं काम सर्वांत कमी महत्त्वाचं. पाणी कुठून शिरतं, शिरलेलं कुठे साचून राहतं आणि अ‍ॅल्युमिनियमला दुसरा कोणता धातू चिकटून बसलाय, एवढं कळलं की पुढचं काम सरळ होतं. खालचा क्रम तीन ते पाच मीटरच्या, मागे आउटबोर्ड मोटर लागणाऱ्या साध्या उघड्या बोटींसाठी आहे. केबिन असलेल्या मोठ्या बोटीला तो पुरणार नाही.

१. आधी कागद, मग हातोडी

बोट विकत घ्यायची असेल किंवा कुणी फुकट देत असेल, तरी हे हातात येईपर्यंत पाना उचलू नका:

- खरेदीची सही असलेली पावती किंवा हस्तांतराचं पत्र
- नोंदणी असल्यास नोंदणीपत्र, आणि त्यावरचा क्रमांक बोटीवर कोरलेल्या क्रमांकाशी जुळतोय का ते
- ट्रेलर सोबत असेल तर त्याचे वेगळे कागद
- मोटर असेल तर तिचा अनुक्रमांक

बोटीच्या आत किंवा मागच्या बाजूला एक छोटी पट्टी असू शकते. तिच्यावर जास्तीत जास्त वजन, माणसं आणि मोटरची ताकद लिहिलेली असते. ती खरवडू नका, रंगवू नका, आधी फोटो काढून ठेवा. दुरुस्तीनंतर किती ताकदीची मोटर लावायची याचा तोच आधार.

आता बोट पालथी करा आणि नीट बघा. पोचे फारसे मनावर घेऊ नका. कण्याजवळच्या (कणा म्हणजे तळाच्या मधोमध लांबीने जाणारा उंचवटा) आणि मागच्या कोपऱ्यातल्या चिरा, एकमेकांपासून सुटलेले पत्रे आणि पांढऱ्या भुकटीचे पुंजके शोधा. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. तिथे टोच्याने दाबून पाहा. टोक आत रुतलं तर तिथला पत्रा संपलाय. एवढ्या बोटींचा पत्रा बहुतेक वेळा दीड-दोन मिलिमीटरचा असतो, त्यामुळे खोल खड्डा आणि आरपार भोक यांत फार अंतर नसतं. असे खड्डे दहा-बारा असतील तर ठिगळं लावता येतात. तळभर असतील तर बोट सोडून द्या.

२. आतलं सगळं बाहेर काढा

सगळं म्हणजे सगळं. बाकं, तळाची फळी, गालिचा, वायरी आणि बोट तरंगती ठेवायला भरलेला फोमसुद्धा. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लोक "तळाची फळी बरी दिसतेय, राहू दे" म्हणतात. पण खरा बिघाड तिच्याच खाली असतो. अ‍ॅल्युमिनियमला हवा मिळाली की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तो धातूला जपतो. ओला फोम, चिखल किंवा गालिचा महिनोन्‌महिने चिकटून बसला की तिथे हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि पत्र्याला बारीक खड्डे पडायला लागतात. अशा बोटी वापरून कमी आणि उभ्या राहून जास्त खराब होतात.

फोम काढताना एक तुकडा हातात घेऊन पिळा. पाणी गळलं तर उरलेलाही तसाच असणार. जुन्या बोटीत भिजलेल्या फोमचं वजन सहज एखाद्या माणसाएवढं भरतं, आणि मालक मात्र मोटर कमजोर झाली म्हणत असतो.

काढलेल्या प्रत्येक वस्तूचा जागेवरचा फोटो ठेवा. स्क्रू डब्यांत वेगवेगळे ठेवून वर चिठ्ठी लावा. बाकं मात्र एकदम सगळी काढू नका. रिवेटच्या बोटीत बाक बोटीची रुंदी धरून ठेवतं. एक काढलं की त्याच मापाची लाकडी पट्टी आडवी ठोकून घ्या, मग दुसऱ्याला हात लावा.

३. पाणी भरून गळती शोधा

बाहेरून पाणी मारून गळती सापडत नाही. उलट करा: बोट ट्रेलरवर किंवा लाकडी घोड्यांवर सरळ ठेवा आणि आत पाणी भरा.

पण पाण्याचं वजन विसरू नका. चार मीटर लांब, सव्वा मीटर रुंद बोटीत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण चारशे किलो. तरंगताना बोटीला खालून सगळीकडून आधार असतो. ट्रेलरवर तो फक्त दोन पट्ट्यांचा. म्हणून तळाखाली जागोजागी लाकडी ठोकळे द्या, थोडं-थोडं भरा, आणि बोटीखाली झोपून बघायचा मोह आवरा.

आधी बाहेरचा तळ फडक्याने कोरडा करून घ्या. मग थांबा. मोठी गळती लगेच दिसते. खरी चोरटी गळती पंधरा-वीस मिनिटांनी कळते: एखाद्या रिवेटच्या टोपीभोवती बारीक ओली कडा उमटते, ती हळूहळू फुगते आणि तिचा थेंब होतो. थेंब पडायची वाट बघू नका. तो पत्र्यावरून घरंगळत दुसऱ्याच रिवेटवर जाऊन पडतो आणि बिचारा तोच बदलला जातो. ओली कडा दिसली की तिथेच मार्करने गोल करा. एकच गोल म्हणजे पाझर, दोन गोल म्हणजे धार, अशी काहीतरी खूण ठरवून घ्या. साधी पेन्सिल वापरू नका, तिच्यातलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमला ओलाव्यात कुरतडतं.

वेल्डिंगच्या बोटीत रिवेटचा प्रश्न नसतो, पण जोडाशेजारी केसाएवढ्या चिरा असतात. त्यांच्यासाठी लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरचे फवारे मिळतात. लाल मारा, पुसा, पांढरा मारा. चीर असेल तर लाल रेघ उमटून येते.

४. रिवेट: आधी घट्ट करा, नाइलाज असेल तरच बदला

गळणारा प्रत्येक रिवेट काढायचा नसतो. बरेचसे नुसते सैल झालेले असतात. यासाठी दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून रिवेटच्या टोपीवर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटावर, म्हणजे रिवेटच्या ठोकून पसरवलेल्या टोकावर, गोल तोंडाच्या हातोडीने ठोके द्यायचे. ठोकळा नीट टेकलेला असेल तर ठोक्याचा आवाज भरीव येतो. तो पोकळ झाला की बाहेरचा माणूस सरकलाय. तेवढ्यात थांबा, नाहीतर पत्र्याला पोचा येईल.

रिवेट झिजलाय, टोपी उडालीय किंवा भोक मोठं झालंय, तर बदला. टोपीच्या मध्यावर पोगराने खूण करा, दांडीच्या मापाच्या ड्रिलने टोपीपुरतंच भोक पाडा, छिन्नीने टोपी उडवा आणि दांडी पोगराने आत ढकला. ड्रिल पूर्ण आरपार घातलं की भोक हमखास वाकडं होतं.

नवा रिवेट भरीवच घ्या, अ‍ॅल्युमिनियमचा. त्याची लांबी अंदाजाने घेऊ नका. दोन्ही पत्र्यांची मिळून जाडी, अधिक दांडीच्या व्यासाच्या दीडपट. म्हणजे १.६ मिलिमीटरचे दोन पत्रे आणि ४.८ मिलिमीटरचा रिवेट असेल तर ३.२ अधिक ७.२, साधारण साडेदहा मिलिमीटर. ठोकून झाल्यावर आतलं शेपूट व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच दिसलं पाहिजे. ते एका बाजूला कललं असेल तर तो रिवेट काढून पुन्हा बसवा. ठोकण्याआधी भोकात पॉलियुरेथेनच्या मरीन सीलंटचा (फटी बुजवणाऱ्या लुकणाचा) ठिपका द्या.

जिथे आतून हात पोचत नाही तिथे पॉप रिवेट, म्हणजे मधली खिळी ओढून एकाच बाजूने बसवायचा पोकळ रिवेट, लावावा लागतो. तो बंद तोंडाचा हवा आणि त्याची मधली खिळीही अ‍ॅल्युमिनियमची हवी. बाजारात पटकन मिळतो तो उघड्या तोंडाचा, पोलादी खिळीचा. तो गळतोही आणि खिळीचा तुकडा आत राहून गंजतोही.

आता इपॉक्सीबद्दल, म्हणजे दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या राळेबद्दल. तिचा पातळ, थोडा लवचीक राहणारा प्रकार आतून जोडांवर फासला की गळती थांबते. ते चालतं, पण क्रम पाळला तरच. आधी रिवेट घट्ट, मग जोड स्वच्छ आणि कोरडा, मग इपॉक्सी. सैल रिवेटवर फासलेलं इपॉक्सी पहिल्या लाटांच्या माऱ्यात तडकतं. सिलिकॉन मात्र कुठेच नको. ते पत्र्यावरून पूर्ण निघत नाही आणि त्याच्यावर पुढे ना रंग धरतो ना दुसरा सीलंट.

५. चिरा, भोकं आणि पोचे

चिरेच्या दोन्ही टोकांना आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावत नाही. मग आतून किंवा बाहेरून ठिगळ. ठिगळाचा पत्रा मरीन दर्जाचा, ५०५२ क्रमांकाच्या मिश्रधातूचा किंवा त्याच जातीचा, मूळ पत्र्याएवढ्या जाडीचा घ्या. कोपरे गोल करा. रिवेट कडेपासून किमान दोन व्यास आत आणि एकमेकांपासून किमान तीन व्यास दूर ठेवा. मधे सीलंटचा सलग थर.

वेल्डिंग करायचं तर ते येणाऱ्याकडूनच करून घ्या. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर २०७२ अंशांना. नवशिक्याच्या हातून वरचा थर तसाच राहतो आणि खालचा पत्रा गळून पडतो. वेल्डरकडे नेण्याआधी जोडाभोवतीचा रंग, सीलंट आणि इपॉक्सी तुम्हीच साफ करून द्या. त्याचा वेळ वाचतो, आणि कामही चांगलं होतं. फोम आत असताना वेल्डिंग करू देऊ नका. तो पेटतो आणि त्याचा धूर जीवघेणा असतो.

पोच्यांबद्दल माझं मत विचाराल तर राहू द्या. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो आणि मग नेमका तिथेच फाटतो. गरम करून मऊ करायचे सल्ले मिळतील, पण या जातीच्या पत्र्याची ताकद कारखान्यात थंड अवस्थेत लाटल्यामुळे आलेली असते. तापवला की ती गेली. पोचा कण्याजवळ असेल आणि बोट एका बाजूला ओढत असेल तरच रबरी हातोडी हातात घ्या.

६. मागची फळी

जिच्यावर मोटर लटकते ती मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. बाहेरून ती अ‍ॅल्युमिनियमची दिसते, पण पोटात बहुतेकदा प्लायवूड असतं आणि जुन्या बोटीत ते कुजलेलं असतं. तपासायला हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. चांगल्या लाकडाचा आवाज कोरडा येतो, कुजलेल्याचा दबका. मोटर लावलेली असेल तर तिचं खालचं टोक धरून हलवा. ट्रान्सम लवत असेल तर लाकूड बदलायलाच हवं.

जुनं लाकूड तुकड्यांत निघालं तरी तुकडे टाकू नका. जुळवून त्यांचा कागदी साचा काढा. नवीन फळीसाठी मरीन प्लाय वापरा. बीएस १०८८ या मानकाचा शिक्का असलेला मिळाला तर उत्तम. साधारणपणे १८ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून जाडी जुळवतात, पण तुमचं माप जुन्या फळीवरूनच घ्या.

प्लायला इपॉक्सीचे तीन हात द्या, आणि सर्वांत जास्त कडांना. पाणी कडांतूनच शिरतं. मोटरच्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्टला कच्चं लाकूड कुठेच लागत नाही.

इथला सर्वांत महागात पडणारा सापळा म्हणजे प्रक्रिया केलेलं लाकूड. "हे कुजत नाही" म्हणून दुकानदार आवर्जून देतो. ते कुजत नाही कारण त्यात बहुधा तांब्याचे क्षार भरलेले असतात, आणि ओलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. ट्रान्सम, तळाची फळी, बाक, अगदी ट्रेलरच्या पट्ट्यासुद्धा, कुठेही ते नको.

उंची मोजायला विसरू नका. छोट्या दांड्याच्या मोटरीला साधारण ३८ सेंटिमीटरचा ट्रान्सम लागतो, लांब दांड्याच्या मोटरीला ५१.

७. दुसरे धातू दूर ठेवा

ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं. पितळी कडी, तांब्याची वायर, पोलादी स्क्रू सगळे याच रांगेत. तळात पडून राहिलेलं तांब्याचं नाणंसुद्धा कालांतराने पत्र्याला भोक पाडू शकतं. म्हणून काम चालू असताना रोज संध्याकाळी तळ झाडून घ्या.

स्टेनलेसचे ३१६ दर्जाचे स्क्रू चालतात, पण आट्यांना धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावून आणि खाली नायलॉनचा वॉशर देऊन. वायरिंगमध्ये बोटीचं अंग कधीही परतीची तार म्हणून वापरू नका. प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वेगळ्या तारा बॅटरीपर्यंत न्या, आणि फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवा. तारा कल्हई केलेल्या तांब्याच्या असल्या तर जास्त टिकतात.

बोट पाण्यातच उभी राहणार असेल तर झिजण्यासाठी लावलेला धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड, हवा. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, खाऱ्या पाण्यात जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड खाऱ्या पाण्यात नेऊ नका. आणि अ‍ॅनोडवर रंग मारला की तो नसल्यात जमा.

८. तळ आणि फोम

फोम काढला तो पुन्हा भरायचाच. रिकामी जागा सामानाला मिळते म्हणून पुष्कळ जण तो टाळतात. पण बोटीत पाणी भरल्यावर तिला वर धरणारी तेवढीच एक वस्तू असते. एक लिटर फोम सुमारे एक किलोचा भार तोलतो, त्यामुळे जेवढा काढला तेवढा तरी भरा. बंद पेशींचा, घट्ट पाट्यांचा फोम घ्या आणि तो पत्र्याला न चिकटवता खाली पाणी वाहायला फट ठेवा. पॉलिस्टायरिनचा फोम पेट्रोलने विरघळतो, म्हणून टाकीजवळ तो नको.

तळाची फळी प्लायची करा, सहा बाजूंनी इपॉक्सी, आणि ती काढता येईल अशी स्क्रूवर बसवा. गालिचा घालायचा असेल तर माझं म्हणणं एवढंच, की तो सुटा ठेवा आणि घरी आल्यावर वाळत टाका.

९. रंग, द्यायचाच असेल तर

उघडं अ‍ॅल्युमिनियम चालतं. कामाच्या कितीतरी बोटी जन्मभर बिनरंगाच्या फिरतात. आतून तर मी रंग देऊच नका म्हणेन, पाय भाजत असतील तेवढा भाग सोडून.

बाहेरून द्यायचा तर जुन्या रंगाशी जपून. खाली पिवळसर हिरवा थर दिसला तर तो क्रोमेटचा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, असण्याची शक्यता मोठी, आणि त्याची धूळ कर्करोग करू शकते. असा थर कोरडा घासू नका. पाणी वापरा, चांगल्या फिल्टरचा मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून कचरा गोळा करा. रंग काढायला कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचं तीव्र द्रावण वापरू नका. ते अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं आणि वर हायड्रोजन सोडतं. पत्रा चकाकवणाऱ्या काही आम्लांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. लेबल वाचा आणि ते असेल तर बाटली परत ठेवा.

मग क्रम असा:

1. आधी तेलकटपणा काढा, मग घासा. उलट केलं तर तेल चरांत बसतं. एका फडक्याने सॉल्व्हंट लावा आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा.
2. घासायला अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पेपर, ८० नंबरच्या आसपास. लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि नंतर गंजाचे ठिपके उमटतात.
3. स्वच्छ पाणी मारून बघा. सलग पडद्यासारखं पसरलं तर पत्रा तयार. थेंब जमले तर पुन्हा पहिली पायरी.
4. वाळल्यावर त्याच दिवशी, होईल तितक्या लवकर प्रायमर. ऑक्साइडचा नवा थर तुमची वाट बघत नाही.

प्रायमर आणि वरचा रंग एकाच कंपनीचे घ्या. काही इपॉक्सी प्रायमर खालच्या आम्लयुक्त एच (etch) प्रायमरशी, म्हणजे पत्र्याला किंचित कुरतडून धरणाऱ्या प्रायमरशी, जुळत नाहीत, आणि ते डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग घरी फवारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाला साधा मास्क पुरत नाही. रोलर आणि ब्रशने तोच रंग छान बसतो. तळाला शेवाळ-शिंपले रोखणारा रंग हवा असेल तर तांब्याच्या ऑक्साइडचा नको. बोटींच्या दुकानात तोच सर्वांत आधी पुढे केला जातो.

१०. पहिल्यांदा पाण्यात

रंगाआधी पाणी भरून एकदा पुन्हा तपासलेलं असेलच. नसेल तर आता तरी करा.

बोट उथळ पाण्यात, दोरी काठाला बांधून, मोटर न लावता उतरवा. अर्धा तास तशीच ठेवा आणि तळाला हात लावून पाहा. मग एक माणूस बसवा आणि त्याला मागे-पुढे सरकायला सांगा. वजन सरकलं की जे जोड मगाशी गप्प होते ते बोलायला लागतात. त्यानंतर मोटर, आणि तीही हळू. अंगात जीवरक्षक जाकीट आणि बोटीत पाणी उपसायचं भांडं पहिल्या दिवसापासून.

पाणी काढायच्या भोकाचं बूच ट्रेलरच्या हँडलला बांधून ठेवा, म्हणजे बोट उतरवताना ते हाताला लागल्याशिवाय राहत नाही. घरी आल्यावर बूच काढा, बोटीचं पुढचं टोक उंच करून ठेवा आणि वर ताडपत्री टाकाल तर दोन्ही टोकांना हवा खेळेल अशी. खाऱ्या पाण्यातून आली असेल तर आधी गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, ट्रेलरसकट.